फुप्फुस शस्त्रक्रियेतील रक्तवाहिनीबंधन

फुप्फुसाचा एखादा भाग किंवा संपूर्ण फुप्फुस काढून टाकताना त्याला जोडलेल्या रोहिण्या व नीला कायमच्या बंद करून मग कापाव्या लागतात. या क्रियेला रक्तवाहिनीबंधन म्हणतात. ते दोऱ्याची गाठ, धातूची वा प्लॅस्टिकची क्लिप, स्टेपल अथवा उष्णता यांपैकी कोणत्याही साधनाने करता येते. छाती रुंद उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत शस्त्रक्रियातज्ज्ञाची बोटे वाहिनीपर्यंत पोहोचतात. बरगड्यांमधील दोन-तीन सेंमी. छेदांतून, पडद्यावरील प्रतिमा पाहून केलेल्या शस्त्रक्रियेत मात्र लांब दांड्याच्या उपकरणांवरच विसंबावे लागते. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेचा इतिहास हा बऱ्याच अंशी रक्तवाहिनीबंधनाच्या साधनांचा इतिहास आहे.

प्रश्नाचे स्वरूप : हृदयाच्या उजव्या भागातून निघणारे सर्व रक्त फुप्फुस रोहिणीतून जाते. विश्रांतीच्या अवस्थेतील प्रौढात हे प्रमाण मिनिटाला सु. ५ लिटर असते. महारोहिणीतील आकुंचनदाब सु. १२० मिमी. पारा असतो, तर फुप्फुस रोहिणीतील सु. २५ मिमी. पारा एवढाच असतो. या कमी दाबाला अनुरूप अशी फुप्फुस रोहिणीची भित्ती पातळ असते. मांडीच्या किंवा दंडाच्या रोहिणीत दिसणारा स्नायूंचा जाड थर तिच्यात नसतो. परिणामी गाठ आवळताना किंवा वाहिनी आजूबाजूच्या ऊतकांपासून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांपासून) सोडविताना ती फाटण्याचा धोका असतो. एकदा फाटली की कमी दाब असूनही प्रवाह मोठा असल्याने अल्पावधीत पुष्कळ रक्त जाते. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत रक्ताने कॅमेऱ्याची काच झाकली जाते आणि रक्तस्रावाचे ठिकाणच दिसेनासे होते. याउलट श्वासनलिकांना पोसणाऱ्या रोहिण्या बहुधा महारोहिणीपासून निघतात. त्या बारीक असल्या, तरी त्यांच्यातील दाब अधिक असतो.

फुप्फुस रोहिणीच्या शाखांची संख्या व्यक्तीगणिक बदलते. डाव्या वरच्या खंडाकडे जाणाऱ्या शाखा तीनपासून सातपर्यंत आढळतात. क्षय रोग अथवा सिलिकामय धुळीमुळे होणारा विकार होऊन गेलेल्या रुग्णांत कॅल्शियम साचलेल्या लसीका ग्रंथी रोहिणीला घट्ट चिकटलेल्या असतात. भारतासारख्या, क्षय रोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात ही अडचण विशेष जाणवते. अशा वेळी वाहिनी बंद करण्यापूर्वी ती मोकळी करणे हेच कठीण होऊन बसते.

प्राचीन पद्धती : रक्तस्राव थांबविण्याचे बांधणे व भाजणे हे दोन मूलभूत मार्ग फार जुने आहेत. सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. त्यांत पहिले उपाय निष्फळ ठरल्यावर दहनाचा अवलंब करावा असा क्रम आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांनी रक्तवाहिनी बांधण्याची कृती वर्णिली आहे. पुढे यूरोपात तापलेल्या लोखंडाने डागण्याचीच प्रथा दीर्घकाळ चालू राहिली. आंब्रवाझ पारे (१५१०–९०) या फ्रेंच शल्यवैद्यांनी १५५२ मध्ये दांव्हिये येथील वेढ्याच्या प्रसंगी अवयवच्छेदन करताना डागण्याऐवजी वाहिन्या दोऱ्याने बांधल्या व १५६४ मध्ये ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तथापि बांधलेल्या दोऱ्याभोवती पू होऊन गाठ सुटणे व त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होणे हे प्रकार जंतुरोधक पद्धतीचा प्रसार होईपर्यंत वारंवार घडत. जोसेफ लिस्टर यांनी १८६९ मध्ये कार्बॉलिक अम्लात भिजविलेला व शरीरात शोषला जाणारा आतड्याचा दोरा पुरस्कृत केल्यावर हा धोका पुष्कळच कमी झाला.

फुप्फुसाच्या बाबतीत आणखी एक अडथळा होता. छाती उघडताच बाहेरील हवा परिफुप्फुस गुहेत (फुप्फुसाभोवतालच्या आवरणाच्या दोन थरांमधील पोकळीत) शिरते आणि फुप्फुस मिटते. जर्मन शल्यविशारद फेर्डिनांट झाउअरब्रुख यांनी १९०४ मध्ये ब्रेस्लौ येथे कमी दाबाची कोठी वापरून यावर तोड काढली. पुढे श्वासनालात नळी घालून दाबाने वायू देण्याची पद्धती रूढ झाल्यावर ही कोठी मागे पडली.

उरोदर्शनाचा आरंभ : लहान छेदातून छातीत शस्त्रक्रिया करण्याची कल्पना अलीकडची आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी ती खंड काढण्याच्या यशस्वी शस्त्रक्रियांइतकीच जुनी आहे. स्टॉकहोम येथील वैद्य हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी १९१० मध्ये मूत्राशय पाहण्याच्या नळीने परिफुप्फुस गुहेचे निरीक्षण केले. त्या काळी क्षय रोगावर गुणकारी औषध नव्हते. कार्लो फोर्लानीनी या इटालियन वैद्यांनी सुचविल्याप्रमाणे परिफुप्फुस गुहेत हवा भरून रोगट फुप्फुस मिटविणे व त्याला विश्रांती देणे हा प्रमुख उपचार होता. मात्र अनेक रुग्णांत फुप्फुस छातीच्या भित्तीला बंधांनी चिकटलेले असल्याने ते मिटत नसे. याकोबेउस यांनी १९१३ मध्ये एका छेदातून दर्शक नळी व दुसऱ्यातून विजेने तापणारी तार घालून हे बंध जाळून तोडले. या बंधांमध्ये पुष्कळदा रक्तवाहिन्या असत. म्हणून तार मंद तापवून बंध सावकाश तोडावा लागे, कारण अतितप्त तार वाहिनी बंद होण्यापूर्वीच तिला कापून टाकते. मंद उष्णतेने वाहिनी बंद होते व तीव्र उष्णतेने ती नुसती कापली जाते, हा धडा पुढे विद्युत् शस्त्रांच्या काळात पुन्हा उपयोगी पडला.

ही शस्त्रक्रिया क्षय रोगाच्या आरोग्यधामांत सु. तीस वर्षे प्रचारात होती. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसीनाचा शोध जाहीर झाला आणि त्यानंतर आलेल्या इतर औषधांमुळे फुप्फुस मिटविण्याची गरज उरली नाही. त्याबरोबर उरोदर्शनही बहुतेक ठिकाणी केवळ निदानापुरते राहिले.

फुप्फुसमुळाचे सामूहिक बंधन : फुप्फुसाच्या आतील बाजूस ज्या ठिकाणी श्वासनलिका, रोहिणी व नीला एकत्र येतात त्याला फुप्फुसमूळ म्हणतात. आरंभीच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना यातील प्रत्येक वाहिनी वेगळी करणे धोक्याचे वाटे. म्हणून सर्व रचना एकाच फासात आवळल्या जात. बर्लिन येथे रूडॉल्फ निसेन यांनी १९३१ मध्ये बारा वर्षांच्या मुलीचे डावे फुप्फुस अशा रीतीने मूळ आवळून टप्प्याटप्प्याने काढले. फुप्फुस लगेच न कापता ते मृत होऊन गळून पडेपर्यंत वाट पाहण्यात आली. अमेरिकेत सेंट लूइस येथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी कर्करोगासाठी संपूर्ण डावे फुप्फुस एकाच बैठकीत काढले. त्यांनीही फुप्फुसमूळ चिमट्यांत पकडून सामूहिक रीत्या बांधले होते. हा रुग्ण स्वतः वैद्य होता व शस्त्रक्रियेनंतर सु. ३० वर्षे जगला. खुद्द ग्रॅहॅम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच मरण पावले. धूम्रपान व हा रोग यांतील संबंध दाखविणारा एक महत्त्वाचा अभ्यास त्यांनीच एर्न्स्ट विंडर यांच्यासमवेत १९५० मध्ये प्रसिद्ध केला होता.

सामूहिक बंधनात दोन मोठे दोष होते. जाड जुडग्याभोवतीचा फास सैल होऊन रोहिणी निसटू शके. शिवाय श्वासनलिकेच्या टोकातील जंतूंचा लगतच्या वाहिन्यांना संसर्ग होऊन उशिरा रक्तस्राव होई. बॉल्टिमोर येथील विल्यम राइनहॉफ यांनी १९३३ मध्येच रोहिणी, नीला व श्वासनलिका स्वतंत्रपणे सोडवून वेगवेगळ्या बांधल्या. ब्रायन ब्लेड्स व एडवर्ड केंट यांनी १९४० मध्ये एकेका खंडासाठी हीच पद्धती मांडली. तत्पूर्वी १९३९ मध्ये एडवर्ड चर्चिल व रॉनल्ड बेल्सी यांनी खंडाचाही लहान भाग (उपखंड) काढता येतो हे दाखविले होते. रोहिणीच्या हृदयाकडील बाजूस एक साधी गाठ व तिच्यापुढे वाहिनीच्या भित्तीतून ओवलेली दुसरी गाठ ही रीत यानंतर प्रमाणभूत ठरली. ओवलेला टाका निसटू शकत नाही, हे तिचे मर्म होय.

यांत्रिक टाके : वाहिनी वा आतडे हाताने शिवण्याऐवजी तारेच्या बारीक स्टेपलांच्या रांगांनी एकाच दाबात बंद करण्याचे पहिले यंत्र बूडापेस्ट येथे ह्यूमेर ह्युल्टल यांनी १९०८ मध्ये वापरले. व्हिक्टर फिशर या कारागिराने बनविलेले ते यंत्र सु. ३.५ किग्रॅ. वजनाचे असून त्याची जुळणी वेळखाऊ होती. तरीही स्टेपलांच्या एकाआड एक येणाऱ्या रांगा आणि रोमन 'बी' अक्षरासारखा मिटणारा स्टेपल ही त्याची दोन वैशिष्ट्ये आजही कायम आहेत. या आकारामुळे स्टेपलाच्या दोन वेढ्यांतून सूक्ष्म वाहिन्यांचा रक्तपुरवठा चालू राहतो व कडा मृत होत नाहीत. हंगेरीतीलच आलादार पेट्झ यांनी १९२० च्या सुमारास त्याचा हलका प्रकार बनविला.

फुप्फुस शस्त्रक्रियेसाठी यंत्राचा खरा विकास सोव्हिएट संघात झाला. १९५१ मध्ये मॉस्को येथे शस्त्रक्रिया उपकरणांच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तेथील यंत्रांपैकी 'यूकेएल' हे फुप्फुसमूळ शिवण्यासाठीच बनविलेले होते. त्याच्या नावातील अद्याक्षरे 'फुप्फुसमूळ शिवणारे' या अर्थाच्या रशियन शब्दांची आहेत. त्यात टँटॅलम धातूचे स्टेपल वापरीत. अमेरिकन शल्यविशारद मार्क रॅव्हिच यांनी १९५८ मधील सोव्हिएट दौऱ्यात कीव्ह येथे या यंत्राने श्वासनलिकेचे टोक बंद करताना पाहिले आणि असे एक यंत्र ते मायदेशी घेऊन गेले. फेलिसियन स्टायकेन यांच्यासह त्यांनी केलेल्या कार्यातून व अमेरिकन उत्पादकांच्या प्रयत्नांतून १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बदलता येणाऱ्या भरणीचे स्टेपलर प्रचारात आले. यामुळे शीतयुद्धाच्या ऐन काळात एका गटातील शोध दुसऱ्या गटातील रुग्णांच्या उपयोगी पडला.

उष्णतेचे पुनरागमन : फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक आर्सेन दार्साँव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे दाखविले की, अतिउच्च कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचा) विद्युत् प्रवाह शरीरातून गेल्यास स्नायू वा तंत्रिका उत्तेजित होत नाहीत, मात्र उष्णता निर्माण होते. या तत्त्वावर विल्यम बोव्ही यांनी बनविलेले उपकरण हार्व्ही कुशिंग यांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी बॉस्टन येथे डोक्यातील अर्बुदाच्या शस्त्रक्रियेत वापरले. त्याने बारीक वाहिन्या सहज बंद होत, परंतु मोठ्या वाहिनीत केवळ रक्ताची गुठळी तयार होई व ती सुटण्याचा धोका राही. बर्नार्ड सिगेल व मार्व्हिन डन यांनी १९६५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, वाहिनीच्या भित्ती आधी परस्परांवर दाबून धरल्या व मग तापविल्या, तर त्यांतील प्रथिनांचे एकजीवीकरण होऊन अधिक टिकाऊ बंध निर्माण होतो. बंध टिकतो तो गुठळीमुळे नव्हे, तर भित्ती एकमेकींत मिसळल्यामुळे, हा आधुनिक वाहिनीबंधनाचा पाया होय.

या तत्त्वाचा व्यवहारात उपयोग होण्यास तीस वर्षे लागली. १९९० नंतरच्या दशकात दोन प्रकारची उपकरणे आली. पहिल्यात चिमट्याचे एक पाते सेकंदाला सु. ५५,५०० वेळा कंप पावते. या श्राव्यातीत कंपनामुळे घर्षण होऊन प्रथिने चिकट बनतात, वाहिनी बंद होते व कापलीही जाते. दुसऱ्यात चिमट्याच्या दोन पात्यांमध्येच कमी दाबाचा पण मोठा विद्युत् प्रवाह खेळविला जातो. ऊतकाचा रोध सतत मोजून यंत्र स्वतःच प्रवाह कमीजास्त करते आणि बंध पूर्ण होताच तो थांबविते. या प्रकाराचे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ७ मिमी. व्यासापर्यंतच्या वाहिन्या बंद करता येतात. याकोबेउस यांना जे तारेच्या रंगावरून व हाताच्या सवयीवरून ठरवावे लागे, ते येथे यंत्र मोजून ठरविते.

लहान छेदातून खंडच्छेदन : १९८० नंतरच्या दशकात लहान आकाराचे व्हिडिओ कॅमेरे उपलब्ध झाले आणि उदरातील पित्ताशय लहान छेदांतून काढण्याची पद्धती झपाट्याने पसरली. १९९० च्या सुमारास सु. १२ मिमी. व्यासाच्या नळीतून आत जाणारा, दोन्ही बाजूंना स्टेपलांच्या रांगा मारून मधोमध कापणारा लांब स्टेपलर तयार झाला आणि छातीतही हे शक्य झाले. मिलान येथील जानकार्लो रोव्ह्यारो यांनी १९९१ मध्ये फुप्फुसाचा खंड या पद्धतीने काढला. त्याच सुमारास अमेरिका व ब्रिटन येथेही असे प्रयत्न झाले.

आरंभीच्या या काळात एक जुना वाद नव्या रूपात पुढे आला. अमेरिकेतील राल्फ लूइस यांनी खंडाच्या मुळातील सर्व रचना एकाच वेळी स्टेपलरने बंद करण्याची पद्धती अवलंबिली. कार्य सोपे होत असले, तरी लसीका ग्रंथी नीट काढल्या जातील का आणि वाहिनी व श्वासनलिका एकत्र बंद केल्याने पुढे त्यांच्यात अनिष्ट मार्ग निर्माण होईल का, अशा शंका घेतल्या गेल्या. शेवटी राइनहॉफ यांच्या काळाप्रमाणेच याही वेळी प्रत्येक वाहिनी स्वतंत्र बंद करण्याचे तत्त्व मान्य झाले. रॉबर्ट मॅकेना व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १,१०० शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूचे प्रमाण ०·८ टक्के, तर छाती उघडावी लागण्याचे प्रमाण २·५ टक्के होते. स्पेनमधील दिएगो गोन्झालेस-रिव्हास यांनी २०१० मध्ये एकाच छेदातून खंडच्छेदन केले. यंत्रमानवी बाहूंच्या साहाय्याने करावयाची पद्धतीही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ होऊ लागली.

साधनांची तुलना : रुंद नीला व रोहिणीचे मुख्य खोड यांसाठी स्टेपलर हेच प्रमुख साधन आहे. रक्तवाहिन्यांसाठीच्या भरणीतील स्टेपल २ ते २·५ मिमी. उंचीचे असून मिटल्यावर त्यांची उंची ०·७५ ते १ मिमी. राहते. मात्र स्टेपलरचे तोंड ताठ व जाड असते. ते वाहिनीमागे नेण्यासाठी पुरेशी जागा व योग्य कोन लागतो. जोराने घातल्यास पातळ रोहिणी मागील बाजूने फाटते व ही इजा दिसत नाही. शिवाय यंत्र मिटल्यावर स्टेपल नीट न बसल्यास कापण्याची क्रिया होऊन जाते आणि दोन्ही टोके मोकळी राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये जाहीर केले की, जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीरांतर्गत वापराच्या सर्व प्रकारच्या स्टेपलरांसंबंधी ४१,००० हून अधिक तक्रारी आल्या व त्यांत ३६६ मृत्यूंचा समावेश होता. हे आकडे केवळ फुप्फुस शस्त्रक्रियेचे नव्हेत आणि अशा नोंदींवरून दोष यंत्राचा की वापराचा हे ठरत नाही. तथापि त्यानंतर २०२१ मध्ये या उपकरणांवरील नियंत्रण कडक करण्यात आले.

उष्णतेवर चालणारे चिमटे सडपातळ असल्याने स्टेपलर जेथे पोहोचत नाही अशा बारीक शाखांना ते सोयीचे पडतात. माँट्रिऑल येथील मॉइश लिबरमन व सहकाऱ्यांनी फुप्फुस रोहिणीच्या ७ मिमी. पर्यंतच्या शाखा श्राव्यातीत उपकरणाने बंद करण्याची पद्धती प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर क्रमाक्रमाने तपासून ती सुरक्षित असल्याचे दाखविले. व्यास नजरेच्या अंदाजाने ठरवावा लागतो, ही तिची मर्यादा होय. चिमट्यात वाहिनी ताणलेली असल्यास बंध पक्का होत नाही, तसेच काम संपल्यावरही तप्त राहिलेले पाते शेजारच्या वाहिनीस लागू शकते. म्हणून अनेक शस्त्रक्रियातज्ज्ञ हृदयाकडील बाजूस रेशमी दोऱ्याची गाठ किंवा क्लिप घालतात व उष्णतेचा उपयोग फुप्फुसाकडील बाजूसच करतात. बांधणे व भाजणे या दोन प्राचीन मार्गांचा हा संयोग आहे.

या प्रश्नाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. जपानमध्ये १,१०६ रुग्णांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २ सेंमी. पर्यंतच्या अर्बुदांसाठी संपूर्ण खंडाऐवजी उपखंड काढणे हिताचे आढळले. अमेरिकेतील ६९७ रुग्णांवरील चाचणीनेही २०२३ मध्ये कमी ऊतक काढण्यास पुष्टी दिली. उपखंड काढताना रोहिणीच्या अधिक आतल्या व अधिक बारीक शाखा बंद कराव्या लागतात. साहजिकच तेथे स्टेपलरपेक्षा सूक्ष्म साधनांची गरज भासते.

रक्तस्राव झाल्यास : कोणतेही साधन पूर्णतः निर्धोक नाही. रोहिणी फाटल्यास पहिला उपाय दाब हाच होय. त्यासाठी लांब चिमट्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा प्रत्येक शस्त्रक्रियेत तयार ठेवतात. घाईने चिमटा लावल्यास फाट मोठी होते. याउलट फुप्फुस रोहिणीतील दाब कमी असल्यामुळे काही मिनिटे शांतपणे दाबून धरल्यास लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बंद होते. चीनमधील चेंगडू येथे शोषक नळीच्या टोकानेच छिद्र दाबून धरीत व रक्त ओढून घेत टाके घालण्याची पद्धती विकसित झाली. फायब्रिनयुक्त चिकट पट्ट्याही उपयोगी पडतात. दाबाने रक्तस्राव आवरत नसल्यास दाब तसाच ठेवून छाती उघडणे हा योग्य मार्ग होय. आरंभीच्या काळात असे करणे अपयश मानले जाई. आता मात्र तो शस्त्रक्रियेच्या आधीच योजलेला एक टप्पा समजला जातो आणि तशी तयारी असल्याशिवाय लहान छेदाची शस्त्रक्रिया सुरू करू नये असा संकेत आहे. शंभर वर्षांत साधने बदलली, पण वाहिनी पुरेशी मोकळी करणे, तिच्यावर ताण न देणे व ती बंद झाल्याची खात्री करूनच कापणे हे नियम गाठीच्या काळात होते तेच राहिले आहेत.